आबांच्या मागे राहायचं होतं

शाळेची मधली सुट्टी चालू होती आणि मुंबईहून फोन आला. मी सातपूरला महापालिकेच्या शाळेत शिकवते. व्हरांड्यात पोरांचा गलका, खिचडीच्या ताटल्यांचा खणखणाट, आणि फोनवरची मुलगी फारच हळू बोलत होती. "दत्तात्रय सरांच्या घरूनच ना? आमचा ठरलेला फॉलोअप कॉल आहे, मॅडम. सर कसे आहेत? जेवण नीट जातंय का? डोकं दुखतं का?" मी तिचे दोन-तीन प्रश्न तसेच पुढे जाऊ दिले. खरं सांगायचं तर मला ते ऐकत राहावंसं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ह्यांच्याबद्दल 'आहेत' म्हणत होतं... मग मी तिला सांगितलं की ते गेले. घरीच गेले, नाशिकला, दिवाळीच्या आधी. मग ती म्हणाली, "मॅडम, सर दर वेळी मला विचारायचे, हा हेअरकट कुठे केलास म्हणून. आणि म्हणायचे, त्याच्याकडे परत जाऊ नकोस." एवढं बोलून ती रडायलाच लागली. मी त्या गलक्यात उभी राहून एका कधी न भेटलेल्या मुलीची समजूत काढत होते, आणि माझ्या चौथीच्या वर्गातली दोन पोरं ताटली हातात धरून माझ्याकडे बघत होती.

ती मुलगी ज्या इस्पितळातून बोलत होती, तिथे ह्यांनी एका नव्या उपचाराच्या चाचणीत भाग घेतला होता. मेंदूतल्या गाठीवर आवाजाच्या लहरींनी इलाज करून बघायची चाचणी. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारतो, त्या मशीनचा काही उपयोग झाला का हो? मी 'थोडाफार' म्हणते आणि विषय बदलते. कारण खरं उत्तर चहाच्या कपाएवढं नाही. ते नीट सांगायचं तर ह्यांच्याबरोबर आबांचंही सांगावं लागेल.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं घर पंचवटीतलं आणि घराण्याचा धंदा केस कापण्याचा. आबांनी उभा जन्म गंगाघाटावर काढला. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. घाटावर दहाव्याला, तेराव्याला जी माणसं येतात, त्यांची डोकी करायचं काम आबांचं. पोत्याचा तुकडा, पितळी वाटीत पाणी, तुरटीचा खडा आणि वस्तरा. समोर बसणाऱ्याला फक्त एवढंच विचारायचं, कोण गेलं? ह्यांना ते काम कधी आवडलं नाही. "रडणारं गिऱ्हाईक नको आपल्याला," असं म्हणून ह्यांनी मालेगाव स्टँडजवळ सलून काढलं, गोल फिरणाऱ्या खुर्च्या, मोठे आरसे आणि बोलायला मोकळं रान. माणूस अखंड बोलायचा. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणींनी विचारलं होतं, डी.एड. झालेली तू, सलूनवाल्याकडे जाणार? मी गेले, आणि आमची भांडणं झाली ती शिक्षणावरून नाही, तर केसांवरून. परक्या माणसांचे बारीक बारीक केस ह्यांच्या कॉलरमधून घरात यायचे, चादरीवर पडायचे आणि मला टोचायचे. मी ओरडले की हे म्हणायचे, "बाई, हे केस आहेत म्हणून तुला बसायला सोफा आहे." मी शिक्षिका म्हणून हे मला चेष्टेनं बाई म्हणत. पुढे ती चेष्टा राहिली नाही, तेच माझं नाव झालं.

आजार आधी कळला तो गिऱ्हाइकांना. लोकांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा लांब राहायला लागला. पहिल्यांदा सगळे हसले. एक रिक्षावाले काका तर आरशात बघून म्हणाले, "दत्ताशेठ, एका बाजूचे पैसे कापून घेऊ का?" हेही हसले आणि परत कात्री मारली, तरी डावी बाजू राहिलीच. मग घरी माझ्या लक्षात आलं की ताटातली उजवीकडची भाजी संपते आणि डावीकडची कोशिंबीर तशीच असते. मी म्हटलं, "कोशिंबीर आवडली नाही का?" तर म्हणाले, "वाढलीस कुठे?" डोळ्यांना काही झालं नव्हतं. डोक्यात उजव्या बाजूला गाठ होती, आणि ह्यांच्यापुरती जगाची डावी बाजू हळूहळू पुसली जात होती. नाशिकलाच ऑपरेशन झालं, मग किरणांचा इलाज, मग गोळ्या. डॉक्टरांनी सांगितलं की गाठ वाईट जातीची आहे, पूर्ण निघालेली नाही आणि परत वाढेल. त्या केबिनमधून बाहेर आल्यावर हे रडले नाहीत, देवाला बोल लावला नाही. पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून एवढंच म्हणाले, "आबांच्या आधी जायचं नाही मला. बाकी काही मागणं नाही. ज्या माणसानं जन्मभर लोकांची मरणं केली, त्याला स्वतःच्या पोराचं बघायला लावायचं नाही." आबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि रोज सकाळी घाटावर चालत जाऊन येत होते.

गोळ्यांचा असर कमी पडू लागला तेव्हा इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या त्या चाचणीबद्दल सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना निसर्गानं एक कडक पहारा दिलेला असतो. रक्तातलं विष मेंदूत जाऊ नये म्हणून तो असतो, पण त्याच पहाऱ्यामुळे औषधही आत जात नाही. तर शिरेतून अगदी सूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि बाहेरून, हेल्मेटसारख्या टोपातून, आवाजाच्या लहरी त्या एकाच ठिकाणी एकवटायच्या. पोटातलं बाळ बघायला वापरतात तोच आवाज, कानाला ऐकू न येणारा. भिंगानं ऊन एका जागी आणतो ना, तसं. बुडबुडे थरथरतात, पहारा काही तास सैल पडतो, आणि तेवढ्या वेळात औषध आत शिरू शकतं. मग बाई म्हणाल्या, "पण हे मी स्पष्ट सांगते. ही चाचणी आहे. हे सुरक्षित आहे का, ते आम्हाला बघायचं आहे. तुमचं आयुष्य वाढेल असं मी म्हणू शकत नाही." ह्यांनी विचारलं, "मॅडम, माझे वडील त्र्याऐंशीचे आहेत. त्यांच्या मागे राहता येईल का, तेवढंच सांगा." बाईंनी विचारलं, वडिलांची तब्येत कशी आहे? "दगड आहे," हे म्हणाले. बाई हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या.

एक अट होती. डोक्यावर एक केस चालणार नव्हता. केसांत हवा अडकते आणि हवेतून तो आवाज नीट पार होत नाही. मशीनची कटिंग उपयोगाची नाही, वस्तऱ्यानं गुळगुळीत डोकं हवं, आणि दर वेळी नव्यानं. हे खूश होऊन म्हणाले, "म्हणजे आतले बुडबुडे चालतात, बाहेरचे नाही. काळजी करू नका, मॅडम, हे काम आमच्या घरचं आहे." मला वाटलं सलूनमधला कारागीर करेल. पण घरी आल्यावर हे सरळ आबांसमोर जाऊन बसले. आबा तटकन म्हणाले, "मला नाय जमायचं." हे गप्प बसून राहिले, जे ह्यांना कधी जमत नसे. मग आबा म्हणाले, "गंगेवर मी बापासाठी पोरांची डोकी केली. बाप जिता असताना पोराचं डोकं करू? माझ्या हातानं?" तेव्हा हे जे बोलले ते मी दारात उभी राहून ऐकलं. "आबा, दुसऱ्यानं केलं तर लोक कोण गेलं म्हणून विचारतील. तुम्ही केलं तर मी सांगीन, माझ्या बापानं केलंय, इलाजासाठी. मला तुमच्या मागं राहायचंय. त्यासाठीच चाललोय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची धोकटी, आबांची हत्यारांची पिशवी, खाली काढलेली दिसली, वस्तऱ्याला नवं पातं लावलेलं होतं. मागच्या गॅलरीत पाटावर हे बसले, मागे आबा उकिडवे. किती हळू चालत होता तो हात... घाटावर म्हणे आबा एक डोकं चहा गार व्हायच्या आत करायचे. त्या दिवशी दोनदा पाणी बदलावं लागलं. ह्यांचं जावळही आबांनीच काढलेलं होतं, हे मला सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, सांगितलं होतं, पण त्या क्षणी त्याची आठवण कुणाला करून द्यायची हिंमत मला झाली नाही. काम झाल्यावर आबांनी स्वतःच्या हातानं ह्यांच्या डोक्यावर टोपी घातली आणि नळावर हात धुवत राहिले.

मुंबईला आम्ही गाडी करून गेलो. कसारा घाट उतरून चहाला थांबलो. उकडत होतं म्हणून ह्यांनी टोपी काढली, तर कपात चहा ओतता ओतता हॉटेलवाल्यानं गंभीर चेहरा करून विचारलं, "कोण गेलं, दादा?" हे म्हणाले, "अजून कुणी नाही." तो माणूस बिचारा किटली घेऊन आत गेला तो परत बाहेर आलाच नाही. मी चिडले, आणि हे गाडीत बसल्यावर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. हसू मावळलं ते इस्पितळात. तिथल्या नर्सनं डोकं तपासताना मागे, बरोबर माथ्यावर, बोट ठेवलं आणि म्हणाली, इथे केस राहिलेत. शेंडी होती. पाच-दहा केसांची, आखूड, पण शेंडीच. घाटावर डोकं करताना आबा ठेवायचे तशी. ह्यांनी हसत वस्तरा मागितला. "द्या, मी काढतो, दोन मिनिटांचं काम आहे." ती नको म्हणत होती, तोवर ह्यांनी आपल्याच माथ्यावर वस्तरा चालवला... आणि डाव्या बाजूला चुकला. रक्त आलं. टिश्यू धरून हे माझ्याकडे बघत म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदाही रक्त काढलं नाही कुणाचं. काढलं तेही फुकटच्या गिऱ्हाइकाचं." पण डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. ताजी जखम असताना टोप चढवता येणार नाही, पुढच्या खेपेला या. पुढची खेप म्हणजे गोळ्यांच्या पुढच्या फेरीबरोबर. काही आठवडे वाया.

मला आबांचा इतका राग आला होता की नाशिक यायच्या आधीच मी मनात सगळं भांडण भांडून घेतलं होतं. इगतपुरीच्या पुढे ह्यांनी माझा हात धरला. "बाई, आबांना सांगायचं मशीन बंद होतं. शपथ घे." मी शपथ घेतली नाही, पण आबांना काही बोललेही नाही. घरी आल्यावर ह्यांनीच आबांना मशीन बंद होतं म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेआधी हे पुन्हा पाटावर बसले, आबांनी ओला तळवा डोक्यावरून फिरवला आणि माथ्यावर, जिथे जखमेची खपली नुकतीच पडली होती, तिथे तो हात थांबला. "मशीन बंद नव्हतं," आबा म्हणाले. हे म्हणाले, "जाऊ द्या ना, आबा. हाताची सवय असते." "सवय नाय," आबा म्हणाले. "मी मुद्दाम ठिवली व्हती. शेंडीसकट डोकं संन्याशाचं करत्यात. तो घर सोडून निघाला म्हणून. तुला कुठं धाडू मी?"... आणि मग त्यांनी सगळं डोकं केलं, पूर्ण, तळहाताला काही लागणार नाही असं. माझा राग तिथल्या तिथे विरघळला असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग होता, अजूनही कधीतरी येतो. त्या गेलेल्या आठवड्यांनी काही फरक पडला असता का, असं मी नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलंही होतं. त्या नाही म्हणाल्या. त्यांना माझ्याशी दुसरं काही बोलता येणार होतं का, कोण जाणे.

त्या खेपेला मात्र सगळं पार पडलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आत काय झालं ते हे परतीच्या वाटेवर सगळ्या नाशिकला सांगायच्या तयारीनं सांगत होते. डोक्याभोवती गार पाणी फिरत होतं, एमआरआयची ठकठक चालू होती, हातात एक बटण दिलं होतं, त्रास झाला तर दाबायचं. मधूनमधून डॉक्टरीणबाई विचारायच्या, डावा हात उचला, नाव सांगा, आज वार कोणता. "आणि बाकीचा वेळ काय केलं?" मी विचारलं. म्हणाले, "एक अख्खी कटिंग केली मनात. तुझ्या मुख्याध्यापकांची. त्यांना मागून मशीन लावायला पाहिजे गं, ऐकतच नाहीत." इलाजानंतरच्या फोटोत गाठीच्या कडेला एक लहानसा उजळ डाग दिसत होता. बाई म्हणाल्या, पहारा इथे उघडला होता, फोटोसाठी शिरेतून सोडलेलं रंगद्रव्य आत गेलंय. ह्या माणसाला तो डाग म्हणजे दहावीचा निकाल लागल्यासारखा झाला. सलूनमध्ये जो येईल त्याला तेच सांगत. कुणी म्हणे, "दत्ताशेठ, तिरुपती का?" तर हे म्हणत, "नाही, आपला नवस मुंबईला आहे." मग खुर्ची फिरवून टोपी काढून डोकं दाखवत, "हात लाव, आमच्या आबांचं काम आहे." कात्री आता हातात धरत नव्हते. नुसते गल्ल्यापाशी बसून कारागिराला डावीकडचं बघ, डावीकडचं बघ म्हणत राहायचे.

अशा आणखी काही खेपा झाल्या आणि गाठ थांबल्यासारखी वाटली. थांबवली कुणी, गोळ्यांनी की आवाजानं, हे चाचणी घेणाऱ्यांनाही इतक्यात सांगता येणार नाही. पण आम्हाला एक अख्खी थंडी मिळाली. आमची लेक पल्लवी पुण्याहून सुट्टी घेऊन आली होती. सकाळी गच्चीवर उन्हात बसायचं, द्राक्षं यायला लागली की आंबट आहेत म्हणत संपवायची, गुडघ्याएवढ्या पांघरुणावरून बापलेकीनं भांडायचं. आबा बाजूला पेपर वाचत. मी त्या थंडीत स्वेटर घालून स्वयंपाक करताना पहिल्यांदा मनाशी म्हटलं, कदाचित जमेल ह्यांना. आणि लगेच दचकले. जमेल म्हणजे काय? हे मागे राहतील म्हणजे पुढे कोण जाणार, हे मी कधी शब्दांत आणलं नव्हतं. समोर तोच म्हातारा चष्मा लावून हवामानाचा अंदाज वाचत होता.

उन्हाळ्यात मी गाद्या वाळत टाकत होते आणि आबांच्या उशीच्या अभ्र्यातून गोळ्या खाली पडल्या. ब्लडप्रेशरच्या, हृदयाच्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या हातावर ठेवायचे त्याच. एक-दोन नाही, ओंजळभर. मी त्या तशाच ओंजळीत धरून खोलीत गेले आणि अक्षरशः किंचाळले. "आबा, हे काय चाललंय?" आबांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. "त्याला माझ्या मागं राहायचंय नव्हं? मग मला पुढं तर जाऊ दे, पोरी." हे पलंगावर पडून ऐकत होते. तोवर डावा पाय ओढायला लागला होता, भिंत धरून उठले, आबांपाशी येऊन बसले. म्हणाले, "आबा, सलूनमध्ये नंबर असतो. नंबर सोडून मी कुणाला खुर्चीत बसू देत नाही, नगरसेवक आला तरी. असं मधे घुसायचं नाही." आबा खाली बघत होते. हे म्हणाले, "मला मागं राहायचंय, ते खरं. पण तुम्ही मुद्दाम जाऊन नाही. तसं मिळालेलं नको मला." त्या संध्याकाळपासून आबांना गोळ्या मी द्यायच्या नाहीत, हे देणार. पाण्याचा पेला माझ्या हातात, गोळी ह्यांच्या हातात. "आ करा. जीभ वर करा. दाखवा." पुढे ह्यांना स्वतःच्या गोळीची वेळ लक्षात राहिनाशी झाली, पण आबांची राहायची. ज्याला बापाच्या मागे राहायचं होतं, तोच माणूस रोज दोन वेळा बापाला मागे ठेवायची मेहनत घेत होता. मी पेला धरून उभी असायचे आणि मला कळायचं की आता शर्यतीचा निकाल लागतोय.

पावसाळ्यात गाठ दुसरीकडून वाढली. मुंबईच्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं की आता पुन्हा बोलावण्यात अर्थ नाही. ह्यांचे आभारही मानले. ह्यांच्याकडून जे कळलं ते पुढच्या माणसाला उपयोगी पडेल, असं म्हणाल्या. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. हे म्हणाले, "पुढचा माणूस टकला असला तर बरं, आबांचं काम वाचेल." मग बोलणं कमी होत गेलं. ह्या घरात बोलणं कमी होणं म्हणजे काय, ते ह्यांना ओळखणाऱ्यांनाच कळेल. शेवटी शेवटी डोळे मिटूनच असायचे. मला उद्देशून नीट बोललेलं शेवटचं वाक्य असं होतं, "बाई, आबांच्या गोळ्या चुकवू नको." मला वाटलं होतं काहीतरी माझ्यासाठी असेल. तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं, ते माझ्यासाठीच होतं... दोन दिवसांनी दुपारी हे गेले. पायाशी आबा बसलेले होते.

पल्लवीनं अग्नी दिला. दहाव्याला घाटावर गेलो तेव्हा आबांच्या बरोबरीची आणि नंतरची, हाताखाली तयार झालेली माणसं आपापली कामं थांबवून उठून उभी राहिली. कुणी कोण गेलं म्हणून विचारलं नाही. एकानं आबांना हाताला धरून पायरीवर बसवलं आणि चहा आणून दिला. आबांनी तो सगळा प्यायला. घरी येऊन माझ्याकडे बघत हात पुढे केला. गोळीची वेळ झाली होती. तेव्हापासून न सांगता घेतात, आणि घेतल्यावर जीभ वर करून दाखवतात. मी नको म्हटलं तरी दाखवतात.

मला ह्यांची आठवण फार येते. हे असं सरळ लिहायला लाज वाटत नाही. शाळेतून आल्यावर घर इतकं गप्प असतं की मी रेडिओ लावते आणि रेडिओवरचा माणूस ह्यांच्याइतका बोलत नाही म्हणून बंद करते. चादर झटकताना हाताला काही लागत नाही. एकदा तर मी सलूनमध्ये जाऊन उगाच खुर्चीत बसले. कारागीर बावरला. काय हवं, वहिनी? काही नाही, म्हटलं, बसते थोडा वेळ. समोरच्या आरशात मागची जागा रिकामी दिसत होती. तर त्या मशीनचा उपयोग झाला का? मला एक थंडी मिळाली. ह्यांना जे हवं होतं ते मिळालं नाही. आणि आबांना जे नको होतं तेच मिळालं, रोज, दोन गोळ्यांबरोबर.

ह्यांच्यामागे आबांनी दाढी केली नाही. सुतक संपलं तरी नाही. हात आता थरथरतो, स्वतःची स्वतः करणं जमत नाही. कारागीर दोनदा येऊन गेला, आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. गेल्या रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर आबा खुर्ची घेऊन येऊन बसले आणि मांडीवरचा वस्तरा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "आबा, मी कधी हातात धरलेला नाही." "कातडी ताणून धर. घाबरू नको. कापलं तर तुरटी हाय." गाल, हनुवटी, गळा... मी श्वास धरून करत होते. मधेच त्यांनी डोळे मिटून घेतले. ह्या घरात एवढी वर्षं काढली, पण आबांच्या चेहऱ्याला मी प्रथमच हात लावत होते. ह्यांचा जबडा तसाच होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. ओठावर पांढऱ्या मिशा बेताल वाढून तोंडात जात होत्या. मी विचारलं, "आबा, मिशी काढून टाकू का? जेवताना त्रास होत असेल."

"नगं," आबा डोळे न उघडता म्हणाले. "कडंनं नीट कर, पण काढू नको. तिकडं गेल्यावर दत्तूनं मला वळखाया पायजे."